बाबा कापूस सेठलाच का विकतात?

(ऐकायला वेळ नसेल तर वाचा. या भागात बोललो ते जवळपास तसंच इथं उतरवलं आहे. फक्त मधले "म्हणजे", "अं" आणि मागून येणारे आमच्या कुत्र्याचे आवाज काढून टाकलेत.)

  

आज कोडिंगबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय कापसाबद्दल. खरं तर कापसाबद्दल पण नाही. माल पिकवल्यावर तो कुणाला विकायचा, हे छोटा शेतकरी कसं ठरवतो, त्याबद्दल.

विषय का निवडला ते आधी सांगतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या घरी माझं आणि बाबांचं तीन दिवस बोलणं बंद होतं. जेवायला एकाच ताटाशेजारी बसायचं, पण मीठ मागायचं ते आईला. कारण एकच. मी म्हणत होतो कापूस हमीभावाने विका, आणि बाबा म्हणत होते, सेठले देऊन टाकतो. मी बीटेक केलेला, मिहानमध्ये नोकरी करणारा, लोकांचे करोडोंचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस. माझ्या डोळ्यांसमोर बाप क्विंटलमागे आठशे रुपये सोडून देतोय! डोकं फिरलं होतं माझं.

आज दीड वर्षाने सांगतो. चूक कोणाची होती, हे तेव्हा मला वाटलं होतं तितकं सोपं नव्हतं.

आधी आमच्या गावाबद्दल थोडं

ज्यांना बुटीबोरी माहीत नाही त्यांच्यासाठी. नागपूरहून वर्धा रोडने खाली या, साधारण तीस किलोमीटर. मोठी एमआयडीसी आहे, उड्डाणपूल आहे, ट्रकच्या रांगा आहेत. नागपूरच्या पोरांना बुटीबोरी म्हटलं की कंपन्याच आठवतात. पण एमआयडीसीच्या कुंपणापासून दोन-तीन किलोमीटर आत गेलात की काळी माती लागते. कापूस, तूर, सोयाबीन, मधेच एखादी संत्र्याची बाग. आमची पाच एकर अशीच, आतल्या बाजूला.

गंमत बघा. आमच्या एमआयडीसीत इंडोरामाच्या कारखान्यात पॉलिएस्टर तयार होतं. म्हणजे कापसाचा सगळ्यात मोठा स्पर्धक आमच्या गावातच बनतो. कुंपणाच्या अलीकडे कापूस, पलीकडे पॉलिएस्टर. गावातली पोरं सकाळी पॉलिएस्टरच्या शिफ्टला जातात आणि त्यांच्या आया कापूस वेचायला.

आणि नागपुरात कॉटन मार्केट नावाचा भाग आहे, आता तर तिथं त्याच नावाचं मेट्रो स्टेशनही आहे. लहानपणी मला वाटायचं की आमचा कापूस तिथंच जातो. तिथं भाजी मिळते. कापूस विकायचा तर आमच्यासारख्यांना दुसरी दारं ठोठवावी लागतात.

दारं किती?

मोजून चार.

पहिलं दार, खेडा खरेदी. व्यापारी किंवा त्याचा माणूस गावात येतो, घरासमोर काटा लावतो, मोजतो, नगदी देतो, गाडी भरून नेतो. आमचा सेठ हाच.

दुसरं दार, थेट जिनिंग. जिनिंग म्हणजे जिथं कापसातून सरकी वेगळी करून रुई काढतात तो कारखाना. गाडी करून तिथं न्यायची, ते बघून भाव सांगतात.

तिसरं दार, बाजार समिती. आमच्या बाजूला कापसासाठी मोठं नाव म्हणजे हिंगणघाट. आमच्यापासून पन्नासएक किलोमीटर. इंग्रजांच्या काळात इथल्या कापसाला हिंगणघाट याच नावाने ओळखायचे, इतका तो प्रसिद्ध होता.

चौथं दार, हमीभावाची सरकारी खरेदी. म्हणजे सीसीआय, भारतीय कपास निगम. ही संस्था १९७० ची. बाजारातला भाव हमीभावाच्या खाली गेला की ती खरेदीला उतरते. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ७,५२१ रुपये क्विंटल. २०२५-२६ ला तो ८,११० झाला. मध्यम धाग्याचा ७,७१०.

आता तुम्ही म्हणाल, यात विचार काय करायचा? जिथं भाव जास्त तिथं विका. मीही हेच म्हणत होतो.

माझी एक्सेल शीट

त्या दिवशी सेठचा भाव होता ६,७००. हमीभाव ७,५२१. फरक ८२१ रुपये. आमच्याकडे पहिल्या वेचणीचा बारा क्विंटल कापूस घरात पडलेला. बारा गुणिले ८२१, म्हणजे ९,८५२. मी शीट बनवली, मोठ्या लाल अक्षरात "नुकसान" लिहिलं आणि बाबांच्या तोंडासमोर मोबाईल धरला.

बाबांनी शीट बघितली. चष्मा वर केला. म्हणाले, "यात गाडीभाडं कुठं आहे?"

मी म्हटलं, ते किरकोळ आहे.

"बरं. जा मंग तू घेऊन."

मग तीन दिवस अबोला. आणि चौथ्या दिवशी मी खरंच घेऊन गेलो. ऑफिसला सुट्टी टाकली, गावातलीच एक पिकअप ठरवली, अडीच हजारात. पहाटे भरली. एका केंद्रावर पोचलो तर पुढे गाड्यांची रांग. दुपारी दोनला आमचा नंबर आला. तिथल्या माणसाने ओलावा मोजायचं यंत्र कापसात खुपसलं. एकदा, दोनदा, तीन ठिकाणी. चौदा टक्के.

इथं नियम सांगतो, कारण तो मला त्या दिवसापर्यंत माहीतच नव्हता. हमीभावाचा पूर्ण दर मिळतो तो आठ टक्के ओलाव्याला. त्याच्या वर प्रत्येक टक्क्याला भावातून एक टक्का कापतात. नऊला एक, दहाला दोन, असं. आणि बाराच्या वर गेलात की माल घेतच नाहीत.

आमचा चौदा. गाडी परत.

मी वाद घालायला गेलो होतो, पण काय वाद घालणार? यंत्र बरोबर होतं. आम्ही कापूस सकाळी दव असताना वेचलेला, घरात एका कोपऱ्यात गंजी लावून ठेवलेला, आणि मी तो ऊन न दाखवता तसाच गाडीत भरलेला. परत येताना ड्रायव्हर काही बोलला नाही. तेच जास्त लागलं.

वर आणखी एक गंमत. घरी आल्यावर कळलं की ओलावा बसला असता तरी मी कागदावर अडलो असतो. सातबारा मीच मोबाईलवर डाऊनलोड केला होता, पण त्यावरचं नाव वाचलं नव्हतं. जमीन अजून आजोबांच्या नावावर. आजोबांना जाऊन सहा वर्षं झालीत, वारसाचा फेरफार आम्ही केलाच नव्हता. बाबांना हे माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं.

खरा हिशोब

त्या रात्री मी शीट पुन्हा उघडली. या वेळी बाबांना शेजारी बसवून.

आमच्याकडे बारा क्विंटल होता, चौदा टक्के ओला. म्हणजे त्यात पाणी सोडून खरा माल १०.३२ क्विंटल. तो वाळवून दहा टक्क्यांवर आणला तर वजन होतं साधारण ११.४७ क्विंटल. अर्धा क्विंटल म्हणजे त्रेपन्न किलो हवेत उडाले. ते पाणीच होतं, पण सेठने त्याचेही पैसे कापसाच्या भावाने दिले असते.

आता दहा टक्के ओलाव्याला दोन टक्के कपात, म्हणजे ७,५२१ चे झाले ७,३७१. गुणाकार करा, साधारण ८४,५०० रुपये.

सेठकडे बारा क्विंटल, ६,७०० ने. तो क्विंटलमागे एक किलो कट्टी कापतो, म्हणजे वजनातून वजा करतो. ती धरून ७९,६०० रुपये.

फरक किती? ४,९००. माझ्या लाल अक्षरातले ९,८५२ अर्धे झाले. त्यातून गाडीभाडं अडीच हजार काढा. राहिले २,४००. भरायला-उतरवायला माणसं, दोन दिवस अंगणात वाळवायची मेहनत, माझी एक दिवसाची सुट्टी. आणि एकदा जरी गाडी परत आली की दुसरं अडीच हजार भाडं. खेळ खल्लास. शून्य.

म्हणजे बाबा ज्याला "जाऊ दे न" म्हणत होते, तो आळस नव्हता. तो गणितच होता, फक्त त्यांच्या डोक्यात होतं, शीटमध्ये नव्हतं.

या हिशोबातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली का? गाडीभाडं. बारा क्विंटल न्या नाहीतर पस्तीस न्या, गाडी थोडीफार तेवढ्यातच येते. ज्याच्याकडे वीस एकर आहे त्याला ते क्विंटलमागे सत्तर-ऐंशी रुपये पडतं. आम्हाला दोनशेच्या वर पडलं. म्हणजे हमीभाव सगळ्यांना सारखा जाहीर होतो, पण हातात सारखा पडत नाही. जेवढा शेतकरी छोटा, तेवढं ते दार लांब.

आणि आम्ही तर मालक. आमच्या गावात किती जण दुसऱ्याचं शेत ठेक्याने करतात. त्यांच्या नावावर सातबाराच नाही. मालकाची संमती, मालकाचे कागद, कधीकधी मालकाचंच खातं. तिथं पैसे अडकण्याची भीती. मग ते कुठं जाणार? सेठकडेच.

घानामधला बाप

आता एक वळण घेतो, चॉकलेटकडे. थांबा, संबंध आहे.

या सगळ्यानंतर मी वाचायला लागलो की जगात बाकीचे छोटे शेतकरी हे कसं ठरवतात. आणि मला पश्चिम आफ्रिकेतले कोकोवाले सापडले. तुम्ही खाता त्या चॉकलेटचा कोको बहुतेक तिथूनच येतो, आयव्हरी कोस्ट आणि घानामधून. तिथंही दोन-चार हेक्टरवाले लोक.

घानामध्ये कोकोचा भाव सरकार ठरवतं, कोकोबोर्ड नावाची संस्था. १९९२-९३ पासून गावात जाऊन खरेदी करायला खासगी कंपन्यांनाही परवाना मिळतो, पण शेतकऱ्याला द्यायचा भाव तोच, ठरलेला. आता विचार करा. सगळे खरेदीदार एकच भाव देतात, तर शेतकरी कोणाला विकायचं ते कशावरून ठरवतो?

दोन गोष्टी. नगदी कोण देतो, आणि काटा कोणाचा खरा आहे.

हे वाचलं आणि मी मोबाईल खाली ठेवला. कारण बाबा हेच म्हणाले होते. "पोरा, भाव त सारेच सांगतेत. पैसे हातात कोण देते, ते पाहा लागते."

तिथं १९९३ मध्ये शेतकऱ्यांनी स्वतःची एक सहकारी संस्था काढली, कुआपा कोकू. तिची पकड कशावर होती माहितीये? गावाचा काटा गावानेच निवडलेल्या माणसाच्या हातात. मापात पाप नाही. पुढे हीच संस्था १९९८ मध्ये सुरू झालेल्या डिव्हाइन नावाच्या चॉकलेट कंपनीत भागीदार झाली. सुरुवात कुठून? काट्यापासून.

आणि दुसरी गोष्ट. २०२४ मध्ये जागतिक बाजारात कोको टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला. इतिहासात कधी नव्हता इतका. पण घानामधला माल बराचसा आधीच विकला गेलेला असतो आणि शेतकऱ्याचा भाव ठरलेला. मग काय झालं? शेजारच्या देशात जास्त मिळतात म्हटल्यावर कोको सीमेपलीकडे चोरून जायला लागला.

हे आपल्याकडे आधीच होऊन गेलंय

माझ्या वयाच्या किती जणांना माहीत आहे की महाराष्ट्रातही असंच होतं? मला नव्हतं माहीत. १९७२ पासून महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना होती. कायदा १९७१ चा. म्हणजे राज्यात कापूस विकायचा तर फक्त सरकारी यंत्रणेला. व्यापाऱ्याला विकणं बेकायदा.

हेतू चांगला होता. व्यापारी लुटतात, तर मधला माणूसच काढून टाका. सुरुवातीला शेतकऱ्याला त्याचा फायदाही झाला. पण नंतर चुकारे रखडायला लागले. चुकारा म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, विदर्भातल्या ऐकणाऱ्यांना सांगायला नको. गाड्यांच्या रांगा, रात्र-रात्र मुक्काम. आणि पलीकडच्या राज्यात भाव जास्त असला की कापूस रात्री सीमेपलीकडे जायचा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने याविरुद्ध आंदोलनं केली, आमचा माल आम्हाला हवा तिथं विकू द्या म्हणून. २००२ च्या आसपास खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार संपला.

बाबा तेव्हा तरुण होते. मी विचारलं, कोणतं बरं होतं? ते म्हणाले, "तवा एकच दार होतं आणि त्याले कुलूप. आता चार दारं आहेत, पण प्रत्येक दाराले वेगळी चावी लागते."

मला वाटतं, सगळा विषय यात आला.

सेठचं दुसरं खातं

पण थांबा. इथंच संपवलं असतं तर "बाबा बरोबर, मुलगा चूक" अशी गोड गोष्ट झाली असती. तसं नाही ते.

शीट करताना मला एक गोष्ट खटकत होती. हमीभाव सोडा. पण गावात येणारा दुसरा एक व्यापारी त्याच दिवशी सेठपेक्षा दोनशे रुपये जास्त देत होता. तोही नगदी. तोही घरासमोर. मग सेठच का?

बाबा गप्प. आई बोलली.

त्याच वर्षी जुलैमध्ये आईचं ऑपरेशन झालं होतं. मी तेव्हा कंपनीच्या कामासाठी बाहेर होतो. रात्रीतून पन्नास हजार भरायचे होते. मला फोन केला नाही, "पोराले कायले टेन्शन" म्हणून. बाबांनी सेठला फोन केला. तासाभरात पैसे घरी आले. कागद नाही, सही नाही, व्याज नाही. फक्त एक न बोललेली गोष्ट, की या वर्षीचा कापूस माझ्या काट्यावर येईल.

व्याज नाही? मी मनातल्या मनात आकडा लावला. हंगामाचा एकूण पंचवीस क्विंटल. क्विंटलमागे दोनशे. पाच हजार. पन्नास हजारावर, जुलै ते डिसेंबर पाच महिन्यांत. म्हणजे महिन्याला...

मी आकडा बोलायच्या आधी बाबा म्हणाले, "शेकडा दोन पडते. मले मालूम आहे."

त्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

वर्षाला चोवीस टक्के. तुमच्या पर्सनल लोनपेक्षा महाग. बँकेचं पीककर्ज वेळेत फेडलं तर महाराष्ट्रात तीन लाखांपर्यंत शून्य टक्क्याने पडतं. पण पीककर्ज बियाण्याला मिळतं, रात्री दोन वाजता ऑपरेशनला मिळत नाही. तिथं सेठच. म्हणून मला आता सेठ खलनायक वाटत नाही, आणि देवमाणूसही वाटत नाही. तो आमच्या गावाची रात्री उघडी असलेली बँक आहे. तिचं व्याज पासबुकात दिसत नाही, कापसाच्या भावात दिसतं.

आणि मला जे लागलं ते हे. क्विंटलमागचे दोनशे वाचवायला ॲप लागत नव्हतं, शीट लागत नव्हती. बाबांनी मला एक फोन केला असता तर पुरलं असतं. तो फोन त्यांनी का केला नाही, हा प्रश्न कापसाचा नाही. तो माझा आहे. मी घरी असताना कायम लॅपटॉपमध्ये डोकं घातलेलं, आणि बोललो तर चुका काढायला. अशा माणसाला कोण फोन करेल?

कुठं याबरोबर कधी

एक मुद्दा पटकन सांगतो, कारण तो राहिला तर चित्र अर्धं. विकायचं कुठं याबरोबर कधी, हाही जुगार आहे. २०२१-२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला. हमीभाव तेव्हा ६,०२५, त्याला कोण विचारतो! मग पुढच्या वर्षी सगळ्यांनी घरात कापूस दाबून ठेवला, पुन्हा दहा हजार होतील म्हणून. झालं नाही. भाव सात-आठ हजारांत घुटमळत राहिला. उन्हाळ्यापर्यंत घरात कापूस. ज्यांनी कापूस घरात ठेवलाय त्यांना माहीत आहे, अंगाला खाज सुटते, लहान पोरांना पुरळ येतं, वजन रोज घटतं आणि चुलीची ठिणगी उडेल ही भीती वेगळी.

आणि भाव आपल्या हातात नाहीच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कापसाच्या आयातीवरचं अकरा टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आमचा कापूस घरात येतो तेव्हा बाहेरचा स्वस्त. गिरण्यांना तो हवा होता, त्यांचंही गणित आहे. पण बाजारातला भाव हमीभावाच्या खाली राहिला की सगळी गर्दी चौथ्या दाराकडे वळते.

या हंगामात आम्ही काय केलं

आता कामाचं. २०२५-२६ च्या हंगामात आम्ही घरी बसून ठरवलं. मी आणि बाबा, दोघांनी.

एक. उन्हाळ्यातच फेरफार केला. सातबारावर बाबांचं नाव आलं. बँक खात्याला आधार जोडलेला आहे का ते तपासलं. ऑगस्टमध्ये शेतात उभं राहून ई-पीक पाहणी केली, म्हणजे सातबारावर कापसाची नोंद झाली. २०२५-२६ पासून सीसीआयला विकायचं तर "कपास किसान" नावाच्या ॲपवर नोंदणी करावी लागते आणि कापूस न्यायची तारीख ठरवून घ्यावी लागते. हे काम माझं. स्वतःचं झाल्यावर गल्लीतल्या सहा जणांचं करून दिलं. एका काकूंचा आधारचा मोबाईल नंबर चार वर्षांपूर्वी बंद झालेला, त्यांना आधी तो बदलायला घेऊन गेलो. मंडळी, आपण म्हणतो ॲप आलं म्हणजे सोपं झालं. मी स्वतः ॲप बनवतो म्हणून सांगतो, ॲप दार उघडतं, पण ज्याच्या हातात स्मार्टफोन चालवणारं पोरगं नाही त्याच्यासाठी तेच दार बंदही करतं.

दोन. सगळा कापूस एकाच दारी न्यायचा नाही. सीतादही करून पहिली वेचणी झाली, तिचे सहा क्विंटल सेठला दिले. नगदी. वेचणाऱ्या बायांची मजुरी त्याच संध्याकाळी द्यावी लागते, ती थांबत नाही, थांबायलाही नको. हरभऱ्याचं बियाणंही त्यातूनच आलं. आणि सेठशी संबंध राहिला. बाबांनी त्याला सरळ सांगितलं, या वर्षी एवढाच. तो हसला, म्हणाला पोरगं हुशार झालं वाटते.

तीन. पुढचा माल दव उडाल्यावर, दहा वाजेनंतर वेचला. अंगणात ताडपत्रीवर दोन उन्हं दाखवली. शेजारच्या आजीने युक्ती सांगितली, सरकी दाताखाली धर, कट्ट वाजली तर वाळला, दबली तर ओला. मी ऑनलाइन ओलावा मोजायचं यंत्र शोधत बसलो होतो!

चार. तीन घरांनी मिळून एक मोठी गाडी केली. छत्तीस क्विंटल, भाडं ३,६००. क्विंटलमागे शंभर. आधी दोनशेच्या वर पडलेलं, आठवतं ना? निघण्याआधी धरमकाट्यावर वजन करून पावती घेतली.

आमचा त्यात अठरा क्विंटल होता. ओलावा लागला नऊ टक्के. ८,११० मधून एक टक्का गेला. १,४४,५०० च्या आसपास झाले. तोच कापूस न वाळवता गावात त्या दिवशीच्या सात हजारांनी दिला असता तर पाण्याच्या वजनासकट १,३१,८०० झाले असते. भाडं वजा केलं तर आमचे दहा-अकरा हजार वाचले. नऊ दिवसांनी खात्यात चुकारा आला, मोबाईलवर मेसेज वाजला, बाबांनी तो तीनदा वाचायला लावला.

पाच, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. घरात पन्नास हजारांची एक एफडी केली, आईच्या नावाने. दवाखान्यासाठी. कापूस कोणाला विकायचा हे ठरवण्याचं आमचं स्वातंत्र्य त्या एफडीत आहे, ॲपमध्ये नाही.

तुमच्यासाठी

तुमच्यापैकी बरेच जण माझ्यासारखेच आहेत. गावी शेत, हातात नोकरी. घरी गेलात की "भाव काय मिळाला" एवढंच विचारू नका. विचारा, कट्टी किती कापली, काटा कोणाचा होता, चुकारा कधी आला, गाडीला किती गेले, आणि कोणाचे पैसे देणं आहेत का. शेवटचा प्रश्न हळू आवाजात विचारा. सातबारावर नाव कोणाचं आहे ते बघा. कापूस नसेल, सोयाबीन असेल, तूर असेल, संत्री असतील, प्रश्न हेच राहतात.

आणि शीट बनवायचीच असेल तर वडिलांना शेजारी बसवून बनवा. त्यांना सगळे आकडे माहीत असतात. आपण फक्त रकाने पाडायचे.

यंदा बाबांनी मला एकदा फोन केला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो, तरी उचलला. म्हणाले, "अरे, सेठ ७,१०० म्हणून राहिला. देऊ का चार क्विंटल? आईले तपासणीले न्यायचं आहे."

मी म्हटलं, आईचे पैसे मी पाठवतो, कापूस राहू द्या.

थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं."

चला, आज इतकंच. हा भाग एखाद्या शेतकऱ्याच्या पोराला किंवा पोरीला व्हॉट्सॲपवर पाठवा. आणि आज घरी फोन करा. भेटू पुढच्या भागात.